तोंडाने वाढवलेला फालसा

सन दोन हजार बावीस. मला एकाहत्तर वर्षं पुरी झाली होती, ती शाळेच्या दाखल्याप्रमाणे. आई सांगायची त्याप्रमाणे त्र्याहत्तर. मास्तरांनी नाव घालताना माझ्या दातांकडे बघून वय लिहिलं, बैलाचं ठरवतात तसं, आणि तेच वय आजवर माझ्यामागे चालत आलं. चौथीत शाळा सुटली. पण अक्षर वळणदार आहे. गावात अजूनही अर्ज लिहायला लोक माझ्याकडे येतात, आणि त्यातले काही दहावी-बारावी झालेले असतात. हे मोठेपणासाठी सांगत नाही. बरं, थोडं मोठेपणासाठीही सांगतो.

त्या वर्षी माझी बायको पुढल्या खोलीत खाटेवर होती आणि मागे परसात तिचा फालसा होता. मला लिहायचं आहे ते या दोघांचं. मुलगा म्हणतो, कशाला उकरता. पण ज्याने केलं त्यानेच सांगावं, दुसऱ्याने सांगितलं की त्याची चहाडी होते.

फालसा आता पुष्कळांना ठाऊक नसतो. झाड म्हणावं तर लहान, झुडूप म्हणावं तर मोठं. बुंधा असा नाहीच, जमिनीतूनच पाच-पंचवीस काठ्या निघतात. पानं रुंद, हाताला खरखरीत, खालून पांढुरकी. चैत्रात बारीक पिवळी फुलं येतात आणि वैशाखात वाटाण्याएवढी फळं, आधी हिरवी, मग लाल, मग जांभळी. सगळी एकदम पिकत नाहीत. रोज मूठभर निघणार, आणि तोडलेली दुसऱ्या दिवशी नासणार. त्यामुळे ते बाजाराचं फळ नाहीच. ते घरच्याचं फळ, आणि तेही जो रोज झाडाखाली उभा राहील त्याचं.

आमचं गाव म्हसावदच्या पलीकडे, सपाटीचं. ऊस, पपई, केळी. तोरणमाळकडच्या डोंगरातली माणसं हिवाळ्यात आमच्याकडे कामाला उतरायची. त्यात एक बाई होती, माझ्या बायकोच्याच वयाची. दोघींचं जमलं. एका वर्षी ती बाई पळसाच्या पानात गुंडाळून वीतभर रोप घेऊन आली. बायकोने ते मोरीचं पाणी जातं तिथे लावलं. मी म्हणालो, "रानमाधला कचरा घरमां कसाले आनी ऱ्हायनी?" ती म्हणाली, "तुम्ही नका खाज्यात." संपलं.

माझा एक नियम होता. फळझाडाला धार लावायची नाही. वडिलांचाच नियम तो, आणि मी तो डोळे मिटून धरला होता. बायको म्हणायची, "बोर तं दरसाल छाटतस ना?" मी म्हणायचो, "बोर बोर शे." यापुढे मला उत्तर नव्हतं, पण आवाज मोठा होता.

तिसऱ्या वर्षी माघात मी शेतातून आलो तर फालसा गुडघ्याएवढा उरलेला. सगळ्या काठ्या तिने कापून एका बाजूला रचलेल्या, आणि खुंटांच्या टोकांना शेण लावत बसलेली. डोंगरातल्या बाईने तिला सांगितलं होतं, फालशाला फळ येतं ते नव्या फुटव्यावर. जुन्या काठीवर त्याचा जीव नाही. माघात गुडघ्याएवढा कापायचा, पंधरा दिवस पाणी द्यायचं नाही, मग आळं करून भरपूर द्यायचं. मी ऐकून घेतलं नाही. आठ दिवस तिच्याशी बोललो नाही. भाकरी तिच्या हातचीच खात होतो, पण बोललो नाही.

त्या वैशाखात झुडूप असं लगडलं की काठ्या वाकल्या. मी खाल्ले. चांगले आहेत असं म्हटलं नाही. शेजारी माझी थोरली भावजय राहते, मोठ्या भावाच्या मागे एकटीच. तिने कुंपणावरून पाहिलं आणि म्हणाली, "भाऊ, तोंड तं कडू करेल शे, पन दात निळा काबरं व्हयनात?" बायको पदर तोंडात घालून हसली. मी ते विसरलो नाही.

मग दरसाल हेच. माघात एक दिवस सकाळी मी ओट्यावर बसलेलो असायचो आणि मागून कोयत्याचा आवाज यायचा. टच्च. टच्च. एका घावात एक काठी. मी ओट्यावरून ओरडायचो, "मारी टाक, मारी टाक एकदानं." ती मागून म्हणायची, "आयकू येत नही." ती मुद्दाम मी घरी असतानाच कापायची. तीस-बत्तीस वर्षं. कापलेल्या काठ्या न्यायला डोंगरातली बाई यायची, त्यांच्या टोपल्या छान होतात, लवचिक असतात. त्यातली एक टोपली आमच्याकडे यायची. घरात किती टोपल्या होत्या याला गणती नाही.

आणखी एक रीत होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पितरांची घागर भरतात. पाण्याने भरलेली घागर, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबा. आखाजीच्या आधी आम्ही आंबा तोंडात घालत नाही, आधी मेलेल्यांना, मग जित्यांना. बायकोने फालशालाही तोच कायदा लावला. पहिली मूठ घागरीजवळ, तोवर कोणी खायचं नाही. त्याच दिवशी दुपारी ती फालसे कुस्करून, मीठ-साखर घालून, फडक्याने गाळून पाणी करायची. लालजांभळं, आंबट, गार. उन्हातून आलेला माणूस ते प्याला की पेला पुन्हा पुढे करी.

तर दोन हजार एकवीसच्या दिवाळीनंतर तिचं पोट दुखायला लागलं. मुलगा सुरतला असतो, तो घेऊन गेला, तपासण्या झाल्या. पोटात गाठ निघाली, आणि ती पुढे गेलेली. डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेतलं आणि मुलाने मला. घरी न्या, म्हणाले. सून दीड महिना येऊन राहिली, मग पोरांच्या शाळा होत्या, ती गेली. मी जा म्हणालो. माझ्या बायकोचं मी करीन, मला कोणाचे उपकार नकोत, असं बोललो. अंगधुणं तेवढं भावजय दोन वेळा येऊन करायची.

पौषात तिच्या पोटात काही राहीना. पेज राहीना, दूध राहीना. एक दिवस छताकडे बघत ती म्हणाली, "आखाजीले फालसानं पानी पिसू. तेच पोटमां ऱ्हाई." मी म्हणालो, "हाव." त्या दिवसापासून तिने दुसरं काही मागितलं नाही. लोक अशा वेळी काशी मागतात, नातू मागतात. तिने पेलाभर पाणी मागितलं, आणि त्याला अजून तीन महिने होते.

माघ लागला. ती म्हणाली, "आज कापी टाका. मन्हाघाई उठावस नही."

मी म्हणालो, "कापस."

"गुडघाइतलं. तिरपं कापज्यात. टोकले शेन."

"माले शिकाडू नको."

ओट्यावर बसून मी कोयत्याला धार लावली. दगडावर, पाणी टाकत, चांगला अर्धा तास. मग मागे गेलो. फालसा माझ्या डोक्याच्या वर गेलेला होता, पानं झडलेली, नुसत्या तपकिरी काठ्या. कोयता उचलला आणि हात तसाच राहिला.

माझे वडील खाटेवर होते तेव्हा मी विशीत होतो. त्यांनी स्वतःच्या हाताने लावलेलं कागदी लिंबाचं झाड वाटेत येत होतं, म्हणून मोठ्या भावाने त्याच्या दोन फांद्या उडवल्या. वडील त्याच आठवड्यात गेले. आई मरेपर्यंत सांगत राहिली, ज्याच्या हातचं झाड, तो आजारी असताना त्याला धार लावू नये. ती हे रडून सांगत नसे. रस्त्याने जाताना खड्डा दाखवावा तसं सांगायची. मी देवाधर्माचा माणूस नाही, मंदिरात चप्पल सांभाळायला बसतो असं लोक म्हणतात. पण त्या दिवशी परसात उभा होतो आणि मला आईचा आवाज स्पष्ट आला. हा फालसा हिच्या हातचा. ही आत खाटेवर.

किती वेळ उभा होतो सांगता येत नाही. भिंतीवरचं ऊन मोरीपर्यंत आलं होतं. शेवटी कोयता वळचणीला खोचला. आणि मग मी जे केलं ते लिहायला हात जड होतो. गोठ्यात गेलो, शेण घेतलं, दोन्ही हातांना लावलं आणि तसाच आत गेलो.

"कापं?"

"कापं."

"कितलं?"

"गुडघाइतलं."

तिने माझ्या हातांकडे पाहिलं. "शेनबी लायं वाटस."

"लायं."

तिने डोळे मिटले. मी हात धुवायला गेलो. खरं कारण तिला सांगता येत नव्हतं. सांगितलं असतं तर तू मरशील ही भीती मला आहे, हेच सांगितल्यासारखं झालं असतं. ते मी अजून स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

आठवड्याने डोंगरातली बाई काठ्यांसाठी आली. तीही आता म्हातारी, काठी टेकत येते. मी तिला पुढून आत न घेता गल्लीतच थांबवलं.

"दादा, काठ्या?"

"यंदा नाहीत."

तिने कुंपणावरून मागे पाहिलं. "उभ्या तर आहेत."

"उभ्या राहू दे."

"बाई?"

"झोपली आहे."

ती बराच वेळ फालशाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "असं ठेवलं की झाड म्हातारं होतं, दादा. फळ वर जातं. वरचं फळ पाखराचं." मी म्हणालो, मला माहीत आहे. ती म्हणाली, "माहीत आहे तर कापत का नाही? अजून दिवस गेले नाहीत." ती रिकाम्या हाताने गेली. तिने बायकोला भेटू द्या म्हणून दोनदा विचारलं आणि मी दोनदा नाही म्हणालो. या एका गोष्टीसाठी मला माफी नाही. त्या दोघींची ती शेवटची भेट झाली असती.

पंधरा दिवसांनी बायकोने फुटवे आले का ते विचारलं, "फुटवा उनात का?"

मी म्हणालो, "उनात."

"कितला?"

"दोन दोन बोटं."

"रंग?"

"तांबूस." फालशाचा कोवळा फुटवा कसा असतो ते मी तीस वर्षं न बघितल्यासारखं करून बघितलं होतं.

मग रोजच सुरू झालं. सकाळी भावजय अंग पुसून गेली की ती विचारायची आणि मी सांगायचो. आधी दारात उभा राहून सांगायचो, मग उंबऱ्यावर बसून, मग खाटेच्या कडेला. आज वीतभर झाला. आज मधले चार फुटवे फार दाट होते, दोन काढले. "कोनता ठेवा?" "जाडा." "हुशार शेत." मला हुशार म्हणाली. आज आळं मोठं केलं. आज गांडुळं निघाली. आज पानांवर मावा दिसला, राख टाकली. "राख वल्लं असताना टाकी ना?" "सकायमां टाकी, दवमां." शेतकरी माणूस मी, खोटं बोललो तरी हंगाम चुकवला नाही. जेवढं वाढायला पाहिजे तेवढंच वाढवलं. ते झुडूप मी तोंडाने वाढवलं, आणि देवाशप्पथ सांगतो, तसा फालसा गावात कोणाच्या परसात झाला नसेल.

ते सांगताना मला बरं वाटायचं. हे सगळ्यात वाईट.

भावजयीने एकदा मोरीजवळ गाठलं. "भाऊ, झाड तं कुंपनवर चालनं गयं. तुम्ही तिले काय सांगी ऱ्हायनात?"

"वहिनी, तुम्ही आंग पुसा अन घर जा."

"आखाजीले काय देशात? बोलानं पानी?"

मी तिच्या अंगावर ओरडलो. पंचाहत्तरीच्या बाईच्या अंगावर. ती तांब्या ठेवून गेली, दुसऱ्या दिवशी परत आली आणि त्यावर पुन्हा बोलली नाही.

अजून कापता आलं असतं. फाल्गुनात कापलं असतं तर उशिरा, पण चार फळं आली असती. मला ते कळत होतं. रोज सकाळी मी मागे जायचो, वळचणीचा कोयता बघायचो. तिचा श्वास आदल्या रात्रीपेक्षा बरा असला की म्हणायचो, बघ, नाही कापलं म्हणून टिकली आहे. बरा नसला की म्हणायचो, आता तर नकोच. दोन्हीकडून कोयता तिथेच राहायचा.

चैत्रात फुलं आली ती शेंड्यांना, माझ्या हाताच्या वर. झुबक्यात चार-दोन. मी खाली ड्रम उपडा घालून वर चढलो आणि तिचं जुनं पातळ शेंड्यांवर बांधलं, बुलबुल येऊ नयेत म्हणून. भावजय कुंपणापलीकडून बघत होती. मी पडावं असं तिला वाटत होतं की पडू नये असं, कळलं नाही. हिरवी फळं धरली. मग तीन दिवस झळा सुटल्या, पापड भाजल्यासारखी हवा. पातळ सोडून पाहिलं तर निम्मी गळलेली, राहिलेली सुकून मिऱ्यासारखी झालेली. मी ड्रमवर उभा राहून एकेक चाचपली. एकही ओली नव्हती.

त्याच सकाळी मी आत जाऊन सांगितलं, "लाल व्हई ऱ्हायनात."

ती म्हणाली, "आखाजीलोंग जांभया व्हतीन." लालाचे जांभळे व्हायला तेवढेच दिवस लागतात.

आखाजीच्या आदल्या दिवशी पहिली एस.टी. धरली. शहाद्याच्या बाजारात फालसा मिळणार नाही हे माहीत होतं, तिथे द्राक्षं मिळतात. अक्कलकुव्याला रस्त्याच्या कडेला डोंगरातल्या बाया रानमेवा घेऊन बसतात, म्हणून तळोद्यावरून तिकडे गेलो. दोन-तीन बायांकडे करवंदं, चारोळ्या. अगदी शेवटी एकीकडे पळसाच्या द्रोणात फालसे. "आजचे का?" "पहाटचे." सगळे द्रोण घेतले. ओल्या गमछ्यात बांधून मांडीवर ठेवले आणि गाडीत खिडकीचं ऊन त्यांच्यावर येऊ नये म्हणून सबंध रस्ता वाकडा बसून आलो. शेजारच्या माणसाने विचारलं, बाबा, काय आहे? मी म्हणालो, औषध.

आखाजीच्या दिवशी सकाळी घागर भरली. डांगर ठेवलं, आंबा ठेवला, मूठभर फालसे ठेवले. आईबापाला हात जोडले. आईला मनात म्हणालो, तुझं ऐकलं. मग मागे चुलीजवळ बसून फालसे कुस्करले, मीठ, साखर, गाळलं. रंग आला तसाच. पेला घेऊन आत गेलो. तिला उठवून पाठीशी बसलो आणि चमच्याने पाजलं. एक चमचा. दुसरा. तिने बराच वेळ तोंडात धरलं आणि गिळलं. राहिलं पोटात. तिसरा चमचा तिने हाताने बाजूला केला. "एक फय द्या," म्हणाली. दिलं. तिने ते फळ बोटांत फिरवलं, नाकाशी नेलं आणि उशीजवळ ठेवून दिलं.

मला वाटलं, निभावलं.

दुपारी गल्लीत पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या. आखाजीला माहेरी आलेल्या. मी खाटेजवळ खाली बसलो होतो. ती म्हणाली, "कोना घरना शेत?"

"काय?"

"फालसा."

"आपलाच. परसमाधला."

"आपला आंबट शे. जिभले चरा पडस. हाई गोड शे. डोंगरना शे."

मी रिकामा पेला खाटेखाली सरकवला.

"तुम्ही माघमां कापंच नही."

"कोनी सांगं? वहिनीनी?"

"कोनीबी नही. मी कान दीसन पडेल व्हतू. धार लावानी आयकी. मंग काहीच नही. तीस वरीस तो आवाज मी करेल शे. माले समजाव नही का?"

गल्लीत गाणं थांबलं आणि पोरी हसल्या. मी म्हणालो, "मंग रोज काबरं इचारी ऱ्हायंती?"

"तुम्ही सांगी ऱ्हायंतात ना." तिला धाप लागली, थांबली. "आखी जिंदगीमां मन्हा झाडनं इतलं बोलनात का कधी?"

"शिव्या देवाले तं बोलनू."

ती हसली. ओठ तेवढे हलले. मग तिने विचारलं, "काबरं नही कापं?" तिनेच उत्तर दिलं. "सासूबाईनं लिंबूनं ना?"

मी मान हलवली.

"मी तं जाईच ऱ्हायनू," ती म्हणाली. रागाने नाही, थकून. "झाड उभं ऱ्हायनं म्हणीसन मी ऱ्हासू का? इतली अक्कल पाहिजे." आणि थोड्या वेळाने, भिंतीकडे तोंड करून, "माले फक्त पानी पेवानं व्हतं. घरनं."

बत्तीस वर्षं तिने दरसाल कापलं आणि मी मारी टाक म्हणून ओरडलो, आणि ज्या एका वर्षी माझ्या हाताने कापायचं होतं, त्या वर्षी तिचं मागणं मीच मारलं. जीव वाचवायला गेलो आणि जिवाची एवढीशी इच्छा होती तीही गेली. लोक म्हणतात, तुमचा हेतू चांगला होता. हेतू पेल्यात ओतता येत नाही.

ती ज्येष्ठात गेली, पाऊस पडायच्या आधी. फालशाच्या जागी आज खुंट आहेत. वैशाखात फालसा कापू नये, उन्हात खुंट तडकतात, त्यांना उधई, म्हणजे वाळवी, लागते. हे मला आधीही माहीत होतं. मी पाणी घातलं, राख घातली, शेण लावलं, तिने सांगितलेलं एकूणएक केलं. तीन पावसाळे झाले. फुटला नाही. डोंगरातली बाई येऊन गेली एकदा. तिने नखाने साल खरवडून पाहिली, आत कोरडं होतं. दुसरं रोप आणू का म्हणाली. मी नको म्हणालो. दुसऱ्याची गोष्ट मला करता येणार नाही.

पण हे सगळं पुढचं. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी, करीच्या दिवशी, सकाळी मी उठलो. भावजय यायची होती. बायको जागी होती, डोळे उघडे. मागचं दार मी भिंतीला लागेपर्यंत उघडलं आणि त्याला दगड लावला. वळचणीचा कोयता काढला. तो गंजला होता, म्हणून ओट्यावर बसून धार लावली, माघात लावली त्याहून जास्त वेळ. मग मागे गेलो. फालशाला पानं होती, हिरवी, दाट, तिचं पातळ अजून शेंड्याला अडकलेलं. माझी कंबर वाकत नाही, म्हणून उभ्यानेच, जमेल तिथे, पहिली काठी धरली आणि घाव घातला. ती एका घावात तुटली नाही. दुसरा घातला. आवाज झाला. तिसऱ्या काठीपर्यंत हात बसला.

आतून आवाज आला. इतका बारीक की कोयता थांबवून ऐकावं लागलं.

"आखो खाले," ती म्हणत होती. "आखो खाले."

मी गुडघे टेकले आणि अजून खाली कापायला लागलो.